मे महिन्यातली गोधडी

आमच्या घरात उन्हाळा जानेवारीतच यायचा. बाहेर लोक संक्रांतीचा तिळगूळ वाटत असायचे, पहाटे तोंडातून वाफ निघायची, आणि आमच्या अंगणात कूलरच्या गवताच्या गठड्या येऊन पडायच्या. हे गवत म्हणजे खरं तर लाकडाच्या बारीक, कुरळ्या पट्ट्या. पण सगळं जालना त्याला गवतच म्हणायचं. त्याच्या मागोमाग वाळ्याच्या मुळ्यांचे भारे यायचे आणि घरभर तो ओल्या मातीसारखा गोडसर वास भरून राहायचा. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर कूलर बनवायचे. पुढे दुकान, मागे घर आणि मधल्या अंगणात पत्रा कापायचा, वाकवायचा, रिबिटा ठोकायचा कारखाना. ठणठण, ठणठण असा आवाज सकाळी दूधवाल्याच्या आधी सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. मला अजूनही शांत घरात अभ्यासाला बसलेल्या मुलांचं नवल वाटतं. आमचे सगळे पाढे त्या हातोडीच्या ठेक्यावर पाठ झाले.

कूलरच्या तीन बाजूंना ज्या ताट्या लागतात, त्या भरायचं काम आईचं. लाकडी चौकट, तिला जाळी, जाळीत गवत नाहीतर वाळा दाबून बसवायचा आणि वरून दुसरी जाळी बांधायची. दिसायला सोपं, पण गवत कुठे जास्त दाबलं गेलं की तिथून हवा येत नाही, आणि कुठे विरळ राहिलं की पाणी नुसतं घरंगळून जातं. आई तळहाताने ताटी चाचपून सांगायची, "हितं पोट सुटलंय, काढ ते." मी आणि माझा धाकटा भाऊ बाळू शाळेतून आलो की तिच्या दोन बाजूंना बसायचो. वाळ्याच्या मुळ्यांनी बोटं फाटायची, त्यांना खोबरेल लावायचं आणि परत बसायचं. मार्च उजाडेपर्यंत भिंतीला टेकवून ताट्यांची इतकी उतरंड लागायची की आम्हाला न्हाणीघरात जायला आडवं व्हावं लागे.

जालना तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नवी कार्यालयं आली, त्यांच्याबरोबर नवे साहेब आले, आणि प्रत्येक साहेबाला उन्हाळा आमच्यापेक्षा जास्त लागायचा. ऊन होतंच तसं. एप्रिल लागला की दुपारी स्टेशनचा रस्ता पार रिकामा व्हायचा, रिक्षावाले कडुलिंबाखाली रिक्षात पाय बाहेर काढून झोपायचे, डांबराला चप्पल चिकटायची आणि वारा सुटला तरी तो भट्टीचं दार उघडल्यासारखा अंगावर यायचा. शाळेतून येताना आई खिशात कांदा ठेवायला लावायची. बाळू वाटेतच तो खाऊन टाकायचा आणि घरी आल्यावर वासावरून पकडला जायचा. रांजणाभोवती ओलं पोतं, पोत्याखाली ओली वाळू, वाळूत आईने टाकलेले मेथीचे दाणे. ते उगवून येत आणि त्यांची भाजी होई. जेवायला ज्वारीची भाकरी, ताक, कैरीचा तक्कू. पोळी-भाजीचं नावदेखील कुणी काढायचं नाही. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायच्या, पहिल्या बादलीला ती चर्र वाजायची, आणि अंथरुणं घालून झाल्यावर चादरी पाण्यात पिळून अंगावर घ्यायच्या. चादर डोळा लागायच्या आत वाळायची. पांघरूण म्हणजे ओली चादर, एवढंच आम्हाला माहीत होतं.

आता तुम्ही म्हणाल, कूलरवाल्याचं घर, त्यांना कसलं ऊन? इथेच तर गंमत आहे. दरवर्षी गुढीपाडव्याला अण्णा आमच्या खिडकीला एक नवा कोरा कूलर बसवायचे. आई त्याला हळदीकुंकू लावायची. आम्ही दोघं त्याच्यासमोर तोंड उघडून "आऽऽऽ" करायचो, कारण पंख्यापुढे आवाज कापरा निघतो. आणि मग कधीतरी भर दुपारी कुणीतरी घामाघूम माणूस दुकानात यायचा. कुणाच्या घरी म्हातारं माणूस आजारी, कुणाकडे मुंबईचे पाहुणे, कुणाचं लग्नघर. दुकानातला माल संपलेला असायचा. अण्णा जरा वेळ कान खाजवायचे, मागे वळून घराकडे बघायचे आणि आईला कळायचं. घटकाभराने खिडकीला नुसतं चौकोनी भोक उरायचं आणि त्यातून झळा आत यायच्या.

"आपल्या घरात कूलर म्हंजी पाव्हना," आई म्हणायची. "चार रोज राह्यतो, जेवतो-खातो अन् निघून जातो."

"अगं, दुसरा बसवतो ना जल्दी," अण्णा म्हणायचे.

"बिलकुल. जूनमधी बसवाल."

आणि खरंच, दुसरा कूलर बसायचा तेव्हा मृग तोंडावर आलेला असायचा.

आईचं माहेर तीर्थपुरी. तिची एक मैत्रीण तिकडे अमरावतीच्या बाजूला दिली होती, ती एका उन्हाळ्यात माहेरी आली तेव्हा तिने आईला सांगितलं की चिखलदऱ्याला मे महिन्यातसुद्धा गोधडी लागते. आई तेव्हा जेमतेम परकरातून साडीत आलेली. तिला ते खरंच वाटेना. गावातल्या सगळ्या बायका त्या मैत्रिणीला हसल्या, पण आईच्या डोक्यात ती गोष्ट घर करून बसली. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिने अण्णांना विचारलं आणि अण्णा, नवे नवरदेव ते, छाती पुढे काढून म्हणाले, "त्यात काय? नेतो की." पण कूलरवाल्याला उन्हाळ्यात गाव सोडता येत नाही, हे त्यांना तेव्हा सुचलं नसावं. त्यानंतर दर साली "औंदा न्हाई, पुढच्या साली" एवढंच. थंड हवेच्या ठिकाणी जायचा काळ आणि आमचा धंद्याचा काळ एकच, त्याला कोण काय करणार? हिवाळ्यात अण्णा रिकामे असत, ते म्हणायचे, "चल आत्ता." आई म्हणायची, "हिवाळ्यात गोधडी तर मी हितंबी घेते. मला मे महिन्यात घेऊन झोपायचंय. एक रात. बस."

तिला तिथले डोंगर, पॉइंट, तलाव यांचं काहीच नव्हतं. तिला मे महिन्यात एक रात्र गोधडी अंगावर घ्यायची होती. लहानपणी मला हे हसण्यासारखं वाटायचं. आज माझ्या खोलीत एसी आहे, माझा नातू मे महिन्यात रोज दुलई नाकापर्यंत ओढून झोपतो आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण गरम रात्री ज्यांनी काढल्यात त्यांना विचारा, पांघरूण ही काय चीज असते. अंगावर वजन पडून झोप लागणं हे सुख आमच्या भागात वर्षातले दोन-तीन महिनेच मिळायचं.

मग एका वर्षी अण्णांनी घरचा कूलर एप्रिलच्या सुरुवातीलाच विकला. जुन्या जालन्यातल्या कुठल्याशा व्यापाऱ्याच्या जावयासाठी. आम्हाला वाटलं, आता आई बोलणार. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ट्रंकेतून जुनी लुगडी काढली, दोन धोतरं काढली, सुई-दोरा घेतला आणि थेट दुकानात, गिऱ्हाइकांच्या बाकाशेजारी चटई टाकून गोधडी शिवायला बसली. बाहेर रस्ता भाजून निघालेला, दुकानात पत्रा तापलेला आणि मांडीवर ही भलीमोठी गोधडी. घाम तिच्या हनुवटीवरून टपटप गळत होता आणि ती शांतपणे टाके घालत होती.

पहिलंच गिऱ्हाईक आलं, ते कूलर विसरलं. "वयनी, गोधडी? अन् ह्या उन्हात?"

"मे महिन्यात लागणार हाय," आई मान वर न करता म्हणाली.

"मे महिन्यात? कुटं?"

"ते ह्यांला इचारा."

अण्णांनी हातोडी उगाचच जोरात आपटली. दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याने तेच विचारलं, आईने तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी तर स्टेशनवरचा चहावाला नुसता चौकशीला म्हणून येऊन गेला. आठवडाभरात अख्ख्या रस्त्याला कळलं की कूलरवाले अण्णा बायकोला थंड हवेला नेणार आहेत. लोक रस्त्यात थांबवून विचारू लागले, "मंग, कधी निघून राह्यले?" अण्णा दुकानातून मागच्या दाराने ये-जा करायला लागले. गोधडी मात्र रोज वीतभर पुढे सरकत होती.

शेवटी एका संध्याकाळी ताकाचा पेला खाली ठेवून अण्णा म्हणाले, "म्हैसमाळबी थंड हवेचं, अन् लई जवळ हाय. सकाळी गेलं की—"

"म्हैसमाळला गोधडी लागती का?"

"लागत असंल की."

"असंल न्हाई. चिखलदऱ्याला लागती, हे मला बराबर ठावं हाय."

अण्णांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो होतो. बाळूच्या हातातली भाकरी तशीच अधांतरी. "करीमला इचारतो," अण्णा म्हणाले, "त्याच्या जीपला लग्नाची भाडी कधी न्हाईत ते." आणि आम्ही दोघं असे ओरडलो की शेजारच्या आडतीतले हमाल काय झालं म्हणून बघायला आले.

करीमचाचांची जीप जालना-जाफराबाद चालायची. अण्णांचे ते बालमित्र. त्यांनी सांगितलं की मेच्या मध्यावर दोन-तीन दिवस कुठलाच मुहूर्त नाही, तेव्हा निघू. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. आई गोधडीचे काठ शिवता शिवता एकीकडे दशम्या किती, धपाटे किती याचा विचार बोलून दाखवायची. बाळूने कुठून तरी माकडटोपी पैदा केली आणि ती घालून तो भर उन्हात गल्लीतून मिरवायला लागला. त्याच्या मानेवर घामोळं उठलं, पण टोपी उतरेना. मी वर्गात भूगोलाच्या नकाशात सातपुडा काढून त्यावर बोट ठेवून बसायचे. ज्या मुलींचे मामा पुण्या-मुंबईला होते, त्यांना मी पहिल्यांदाच सांगू शकत होते की आम्हीपण चाललोय. सांगताना मी "थंडी फार असते म्हणे" असं पुढे जोडायला विसरत नसे. अण्णा तोंडाने काही बोलत नव्हते, पण रात्रीच्या जेवणानंतर सुपारी कातरताना एकदम विचारायचे, "घाटात जीप गरम न्हाई ना होणार?" म्हणजे तेही मनाने तिकडेच गेलेले होते.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी जे व्हायचं तेच झालं. एक बाई दुकानात आल्या. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली, तान्हं बाळ पत्र्याच्या खोलीत, त्याच्या अंगभर पुरळ उठलेलं, रडून रडून त्याचा आवाज बसलेला. त्या बाई बोलता बोलता रडायला लागल्या. दुकानात एकही कूलर तयार नव्हता. त्या वर्षी उशिरा का होईना, अण्णांनी खिडकीला दुसरा कूलर बसवला होता, तोही बहुधा आईचा राग निवावा म्हणून. पण अण्णा या वेळी मागे वळून बघेनात. ते पत्र्याकडे बघून म्हणाले, "बाई, आज रात्री बसतो. उद्या दुपारपर्यंत देतो बनवून."

उद्या दुपार म्हणजे गेलं सगळं. उद्या दुपारी निघालं तर रात्र रस्त्यातच जाणार, आणि तेरवापासून करीमचाचांच्या जीपला भाडं होतं.  बाळूने माकडटोपी काढून हातात घेतली. मी त्या तान्ह्या बाळाचा विचार करायला हवा होता, पण मला फक्त सातपुडा दिसत होता.

आई आतून सगळं ऐकत होती. ती खिडकीशी गेली. पाट घेतला, त्यावर चढली आणि तिने पदर खोचून कूलरच्या बाजूच्या पट्ट्या सोडायला सुरुवात केली. अण्णा धावत आत आले.

"अगं, काय करून राह्यली?"

"पाना द्या तिकडचा. ह्यो नट लई घट्ट बसलाय."

"पर त्यो घरचा—"

"आमी उद्या गावाला चाल्लोत. मंग ह्यो कुणाला वारा घालणार, भिंतीला? न्या म्हनावं. अन् आज रातच्याला बसू नका, झोपा. पहाटं निघायचंय."

त्या बाईंनी आईचे हात धरले. आईने त्यांना ताटी कशी ओली करायची, बाळावर थेट वारा कसा येऊ द्यायचा नाही, हे सगळं समजावून सांगितलं. हातगाडीवर कूलर चढला आणि निघून गेला. खिडकीतून झळा आत आल्या. आई त्या भोकासमोर उभी राहून हसली. इतक्या वर्षांत घरचा कूलर जाताना ती पहिल्यांदाच हसत होती.

पहाटे जीप दाराशी आली तेव्हा अण्णा वाळ्याच्या ताट्या घेऊन बाहेर पडले. सगळे बघतच राहिले. जीपला मागे बाजूंना नुसते उघडे कप्पे, वरून ताडपत्री. अण्णांनी रात्री मापं घेऊन ठेवलेली असणार. त्यांनी दोन्ही बाजूंना दोन-दोन ताट्या तारेने अशा बसवल्या की जीपचाच कूलर झाला.

"अण्णा, ये क्या पागलपन है?" करीमचाचा डोक्याला हात लावून म्हणाले. "थंडी खाने को चले, और थंडी साथ में लेके?"

"चढावर थंडी हाय रे. पर मधी अकोट हाय, परतवाडा हाय. तिथपर्यंत लेकरं भाजून निघतील."

जालन्याच्या माणसाची आणखी एक खोड म्हणजे पाणी. नळ दिसला की भरून घ्यायचं. करीमचाचांनी मागे कॅन ठेवले होतेच, आईने त्यांच्याशेजारी घागर ठेवली, तिच्यावर कळशी. तिने गोधडी मात्र कुणाच्या हातात दिली नाही. ती मांडीवर घेऊन मागे आमच्याजवळ बसली.

तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. सूर्य वर आला तसे अण्णा तांब्याने ताट्यांवर पाणी ओतत राहिले आणि वाळ्याच्या वासाचा गार वारा आमच्या तोंडावर येत राहिला. देऊळगाव राजाला बसस्टँडवरची माणसं पाणी ठिबकणारी जीप बघून उभी राहिली. चिखलीला एकाने विचारलं, "मासे हायेत का?" खामगावच्या पुढे ऊन असं तापलं की रस्ता पाण्यासारखा हलायला लागला; आम्ही मात्र ताटीला गाल लावून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात होतो. करीमचाचा पुढे एकटे भाजत होते. ते थोड्या थोड्या वेळाने मान मागे करून म्हणायचे, "भाभी, मुझे भी एक ताटी लगाओ ना सामने. रास्ता अल्ला देख लेंगा." आई इतकी हसली की तिला ठसका लागला. माहेरी जातानासुद्धा मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. परतवाड्याला पुन्हा सगळे कॅन काठोकाठ भरले. करीमचाचा म्हणाले, आता कशाला, वर झरे असतील. पण सवय.

घाट लागला तेव्हा आम्ही ताट्या काढून आत ठेवल्या, डोंगराची हवा खायची म्हणून. आम्ही तोंडं बाहेर काढली. सागाची झाडं पार बोडकी झालेली, डोंगर तपकिरी, धुळीने माखलेले. आणि हवा... मी बाळूकडे बघितलं. त्याने माकडटोपी कानापर्यंत ओढली होती, पण त्याच्या कपाळावर घाम होता.  प्रत्येक वळणावर मला वाटायचं, पुढच्या वळणावर येईल थंडी.

वर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सोसाट्याचा वारा होता, पण गरम. जालन्यापेक्षा कमी, एवढंच. आम्हाला जी खोली मिळाली तिचं छप्पर पत्र्याचं. दार उघडल्याबरोबर दिवसभर कोंडलेली ऊब अंगावर आली. लॉजवाले गृहस्थ भले होते, ते बिचारे ओशाळून म्हणाले, "काय सांगू बाई, या सालाले डोंगरालेबी ताप आला जी. एरवी अशी नाही राहात हवा. अन् पाणीबी टँकरचं हाय, जरा जपून वापरजा."

"रातीला गोधडी लागन का?" आईने विचारलं.

ते हसले. त्यांना वाटलं, ती थट्टा करते आहे. "गोधडी? चादरबी नाही लागाची जी."

आई खोलीत गेली आणि पलंगावर गोधडी ठेवून तिच्यावर हात ठेवून बसली. मला रडू यायला लागलं. इतक्या वर्षांनी निघालो, गिऱ्हाइकं सोडली, गल्लीभर सांगितलं, आणि इथेही तेच, आमच्या घरासारखं. अण्णा दारात उभे होते. त्यांचा चेहरा असा पडला होता की त्यांच्याकडे बघवेना. ते हळूच म्हणाले, "पुढच्या साली डिसेंबरात—" आणि त्यांचं त्यांनाच कळलं.

आई उठली. मला वाटलं, ती बाहेर जाऊन डोळे पुसणार. पण ती मागच्या खिडकीशी गेली आणि तिने दोन्ही झडपा उघडल्या. खिडकी थेट दरीवर होती. दरीतून वारा असा आत घुसला की भिंतीवरचं कॅलेंडर उडालं, बाळूची टोपी डोळ्यांवर आली. आईने तळहात खिडकीत धरला, जशी ती ताटी चाचपायची तसा. मग बोटं तोंडात ओली करून परत धरली. तिचे डोळे चमकले.

"अहो," ती म्हणाली, "वारा कोरडा हाय. बिलकुल कोरडा. ताट्या आना."

अण्णांना समजायला एक क्षण लागला. आणि मग ते असे पळाले की चप्पल दारातच राहिली. करीमचाचा, अण्णा, आम्ही दोघं, सगळे जीपकडे. ताट्या आल्या, तार आली, पकड आली. कारण अण्णा देवळात गेले तरी खिशात पकड असायची. खिडकी मोठी होती, दोन ताट्या शेजारी शेजारी बरोबर बसल्या. फटींमध्ये आईने ओले पंचे कोंबले. पाणी? लॉजचं एक थेंबही नको होतं, आमचे कॅन भरलेले होते. ताट्यांखाली आमचीच परात ठेवली. अण्णांनी वरून पहिली कळशी ओतली आणि वाळ्याचा वास खोलीभर सुटला.

"पंप?" करीमचाचांनी विचारलं.

"ह्यो काय पंप," म्हणून आईने आम्हा दोघांना पुढे ढकललं. परातीत गळलेलं पाणी तांब्याने उचलायचं आणि स्टुलावर चढून परत वरून सोडायचं. मी आणि बाळू पाळीपाळीने. कामाने आम्हाला घाम यायच्या ऐवजी अंगावर काटा यायला लागला. समोरच्या दाराला अण्णांनी जरा फट ठेवली, म्हणजे हवा पुढे निघून जाईल. नाहीतर खोलीत दमटपणा साठतो. सूर्य डोंगराआड गेला, दरीतला वारा वाढला, आणि ते लॉजवाले गृहस्थ काय खटपट चाललीय म्हणून बघायला आले. आत पाऊल टाकताच त्यांनी दोन्ही हात काखेत घातले.

"अरे बाप! हे काय केलं जी तुमी?"

अण्णा कॉलर ताठ करून म्हणाले, "जालन्याचा माल हाय." आणि मग लगेच आईकडे बोट केलं. "ह्यांनी भरलेल्या ताट्या."

जेवणं झाली तोवर खोली अशी गार झाली होती की बाळूचे दात वाजायला लागले. त्याला त्याचा इतका आनंद झाला की तो मुद्दाम सगळ्यांना जवळ बोलावून वाजवून दाखवत होता. करीमचाचा म्हणाले, मी आपला बाहेर जीपमध्ये बरा, मला निमोनिया व्हायचा. आईने पलंगावरची गादी खाली ओढली, शेजारी आमची सतरंजी पसरली, आणि मग गोधडी उलगडली. एवढी मोठी शिवली होती तिने, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मधोमध तिच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा तुकडा होता, कडेला अण्णांची धोतरं. आई आडवी झाली, तिने पाय आत घेतले, गोधडी हळूहळू वर ओढली, गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत, हनुवटीपर्यंत. आणि डोळे मिटून ती म्हणाली, "आई गं." एवढंच. आम्ही दोघं दोन बाजूंनी आत शिरलो. तिच्या पायांना भेगा होत्या, त्या मला टोचत होत्या आणि मला फार फार आनंद झाला होता.

मला जाग आली ती अण्णांच्या आवाजाने. खिडकीतल्या ताट्या अजून ओल्या होत्या. पंप झोपी गेल्यावर अण्णांनी पाणी घातलेलं असणार. बाहेर तांबडं फुटत होतं. अण्णा तोंड धुऊन, शर्ट घालून, चप्पल पायात चढवून दारात उभे होते.

"अगं, ऊठ. करीम थांबलाय. त्या टोकावरून सूर्य उगवताना लई झकास दिसतो म्हनं. सगळे लोक तेच बघायला येतेत हितं."

आईने गोधडी नाकापर्यंत ओढली. आतून तिचा आवाज आला, उबदार, जड, झोपेतला.

"सूर्य? त्याला बघायला एवढ्या दूर आले व्हय मी? त्यो आपल्या दारात वर्षभर बसलेला असतो. तुमी या बघून. मला हे सोडवंना."

 बाहेर करीमचाचांनी हॉर्न वाजवला. मग अण्णांनी चपला काढल्या, शर्ट खुंटीला अडकवला, दार लोटलं आणि आमच्याजवळ येऊन म्हणाले, "सरका जरा गं, मलाबी थंडी वाजून राह्यली."